दुसऱ्यांदा परीक्षेस बसताना

शाळेच्या वार्षिकात उत्तीर्ण विद्यार्थ्यांची नावे छापण्याची चाल जुनी आहे आणि ती योग्यही आहे. श्रमांचे चीज झाले म्हणजे चार लोकांनी ते पाहावे, आईबापांनी तो अंक पेटीत जपून ठेवावा, यात गैर काहीच नाही. परंतु जे अनुत्तीर्ण झाले आणि तरीही पुन्हा पुस्तके उघडून बसले, त्यांच्या श्रमांना कोणत्याच अंकात जागा मिळत नाही. पहिल्यांदा अभ्यास करणाऱ्याच्या पाठीशी सारे घर उभे असते. त्याला वेळेवर चहा मिळतो, त्याच्यासाठी रेडिओचा आवाज कमी होतो. दुसऱ्यांदा अभ्यास करणारा बहुधा एकटाच असतो. या दुसऱ्या अभ्यासाविषयी काही लिहावे, असे आम्हांस पुष्कळ दिवसांपासून वाटत होते. यंदा तसा योग आला.

आमच्या शाळेची एक माजी विद्यार्थिनी गेली सहा वर्षे परिचारिकेचे काम करीत आहे. तिचे नाव आम्ही येथे देत नाही; हकीकत सांगण्यास मात्र तिची संमती आहे. शुश्रूषेची पदवी तिने नाशिकातच घेतली. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ साली स्थापन झाले व त्याचे मुख्य ठाणे आपल्याच शहरात आहे. त्यामुळे राज्यभर परिचर्येची पदवी घेणाऱ्या मुलामुलींचे निकाल नाशिकातून लागतात. त्या परीक्षेत लेखी व प्रात्यक्षिक अशा दोहोंत निदान निम्मे गुण मिळवावे लागतात. ही मुलगी तेथे एकाही विषयात अडली नाही. पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत तिचे नाव दाखल झाले आणि ती रीतसर कामाला लागली. पुढे अमेरिकेत जाऊन काम करावे, घरावरचे कर्ज फेडावे, धाकट्या भावाचे शिक्षण पुरे करावे, असे तिने मनाशी योजले. त्यासाठी तेथील परवान्याची परीक्षा देणे प्राप्त झाले. या परीक्षेस 'एन्‌क्लेक्स' म्हणतात.

ही परीक्षा आपल्या परीक्षांहून इतकी निराळी आहे, की तिची रीत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ती संगणकावर होते व तिला पाच तासांची मर्यादा असते. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका मिळत नाही. एखाद्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आले की संगणक त्याहून अवघड प्रश्न पुढे ठेवतो. चुकले की सोपा ठेवतो. असे करीत करीत तो परीक्षार्थ्याची खरी उंची अजमावतो. निदान ८५ आणि फार तर १५० प्रश्न विचारले जातात. हा उमेदवार ठरावीक रेषेच्या वर आहे किंवा खाली आहे, याविषयी शंभरांत पंचाण्णव इतकी खातरी झाली की संगणक आपण होऊन थांबतो. म्हणजे उत्तम तयारीचा उमेदवारही ८५ व्या प्रश्नाला थांबू शकतो आणि अगदी कच्चा उमेदवारही तेथेच थांबू शकतो. आणखी एक गंमत अशी, की या रीतीमुळे बहुतेकांची निम्म्याच्या आसपास उत्तरे चुकतात, मग तो उमेदवार हुशार असो वा मंद. हुशाराचे निम्मे प्रश्न चुकतात ते अवघड प्रश्नांतले आणि मंदाचे चुकतात ते सोप्यांतले, एवढाच काय तो भेद. तेव्हा परीक्षेच्या खोलीतून बाहेर पडताना कोणालाच आपण जिंकलो असे वाटत नाही.

आमच्या विद्यार्थिनीचा संगणक मुंबईच्या केंद्रावर ८५ व्या प्रश्नाला थांबला. लवकर थांबला म्हणजे उत्तीर्ण, असे तिला मैत्रिणींनी सांगितले होते. म्हणून परतीच्या गाडीतूनच तिने आईला आनंदाची बातमी कळविली. निकाल आला तो उलट.

त्यानंतर त्या घरात काय झाले असेल, हे पालकांस निराळे सांगावयास नको. परीक्षेचे शुल्क दोनशे डॉलर आणि भारतातील केंद्रासाठी आणखी दीडशे डॉलर व कर. याखेरीज अर्ज, कागदपत्रांची तपासणी व शिकवणी यांचा खर्च वेगळा. आई शिवणकाम करते. बहुतेक पैसा पतपेढीतून काढलेला. शेजारी म्हणू लागले, "आता पुरे झाले, लग्नाचे पाहा." भावाने तोंडाने काही म्हटले नाही, परंतु तो बहिणीशी बोलताना जपून बोलू लागला आणि तेच तिला अधिक लागले. मंडळीतील काही सज्जनांनी भेटून सांगितले, "देवाची इच्छा नसेल, मुली."

हे शेवटचे वाक्य आमच्या कानी पुष्कळदा येते, म्हणून त्यावर थोडे बोलतो. देवाच्या इच्छेपुढे मान वाकविणे हा आपल्या श्रद्धेचा पायाच आहे. परंतु ती इच्छा कोणती, हे एका निकालावरून ठरवून टाकण्याची घाई करणे म्हणजे नम्रता नव्हे. पुष्कळदा आपण दुसऱ्याच्या श्रमांची जबाबदारी चुकविण्यासाठी देवाचे नाव पुढे करतो. "देवाची इच्छा नसेल" असे म्हटले की पुन्हा पैसे उभे करावे लागत नाहीत, रात्री तिच्यासाठी दिवा ठेवावा लागत नाही, आणि सांत्वन केल्याचे पुण्यही पदरी पडते!

नापास होणाऱ्यास या परीक्षेचे संचालक एक पत्रक पाठवितात. उत्तीर्ण होणाऱ्यास ते मिळत नाही. परिचर्येच्या ज्ञानाचे आठ विभाग पाडून, त्यांतील प्रत्येकात उमेदवार ठरावीक रेषेच्या वर आहे, जवळ आहे किंवा खाली आहे, हे त्यात लिहिलेले असते. मुलीने ते पत्रक पंधरा दिवस उघडले नव्हते. पाकीट फोडून पाहावे तर लाज वाटे आणि फाडून टाकावे तर भय वाटे. शेवटी एका संध्याकाळी ती ते घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, इंग्रजी तुम्ही शिकविलेत, हेही तुम्हीच वाचून दाखवा." आम्ही वाचले. औषधांच्या विभागात ती रेषेच्या वर होती. रुग्णाच्या सुखसोयींच्या विभागातही वर होती. परंतु अनेक रुग्णांची व्यवस्था एकाच वेळी कशी लावावी, आणि धोका ओळखून तो आधीच कसा टाळावा, या दोन विभागांत ती खाली होती. ती बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली व मग म्हणाली, "म्हणजे मला सगळेच येत नाही असे नाही."

आमच्या मते तिचा दुसरा अभ्यास त्या वाक्यापासून सुरू झाला. अनुत्तीर्ण झालेल्या मनुष्यास वाटते की आपण समूळ नालायक ठरलो. वास्तविक तो दोन-तीन ठिकाणी कमी पडलेला असतो. ती ठिकाणे कोणती हे समजले की डोंगराएवढ्या अपयशाचे दोन-तीन धोंडे होतात, आणि धोंडा उचलता येतो.

परंतु अशा परीक्षेची मुळात गरज काय, असा प्रश्न कोणी विचारील. आणि तो प्रश्न खुद्द फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही विचारला होता. १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाने परिचारिकांची शाळा निघाली व तेथून हा धंदा सन्मानाचा झाला. परंतु पुढे परीक्षा घेऊन परिचारिकांची सरकारी नोंदणी करावी अशी चळवळ सुरू झाली, तेव्हा नाइटिंगेलबाईंनी तिला विरोध केला. चांगल्या परिचारिकेचे शील, तिचा कनवाळूपणा व तिची निष्ठा ही कागदावरच्या परीक्षेत मोजता येत नाहीत, असे त्यांचे मत होते. उलट पक्षी एथेल बेडफर्ड फेन्विक या बाईंचे म्हणणे असे, की नोंदणी नसेल तर कोणीही पांढरा पोशाख चढवून रोग्याच्या उशाशी बसेल, आणि बिचाऱ्या रोग्यास खरे कोण व खोटे कोण हे कळणार नाही. हा वाद सुमारे तीस वर्षे चालला. न्यूझीलंडने १९०१ साली नोंदणीचा कायदा केला, इंग्लंडने १९१९ साली केला, आणि आपल्या मुंबई इलाख्यात परिचारिका, सुइणी व आरोग्यभेटिका यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ साली झाला.

या वादात दोन्ही बायांचे म्हणणे खरे होते, असे आम्हांस वाटते. माया परीक्षेत मोजता येत नाही, हे खरे. परंतु मायेने दिलेले चुकीचे औषधही रोग्यास मारतेच, हेही तितकेच खरे. पोटॅशियमचे तीव्र द्रावण पातळ न करता एकदम शिरेत टोचले तर हृदय बंद पडते. टोचणारीच्या मनात किती दया होती हे हृदय विचारीत नाही. म्हणून परवाना हा परिचारिकेच्या छातीवर लावण्याचा बिल्ला नसून रोग्यास दिलेले वचन आहे. हे एकदा ध्यानात आले म्हणजे अनुत्तीर्ण होण्यातील अपमान पुष्कळ कमी होतो. जी चूक खाटेपाशी व्हावयाची ती परीक्षेच्या खोलीत झाली आणि तेथेच सापडली, यात कोणाचा जीव गेला नाही. दुसऱ्यांदा तयारी करणारी मुलगी आपली गेलेली अब्रू परत मिळवीत नसते. ती अजून न भेटलेल्या रोग्याची काळजी घेत असते.

आता तिने तयारी कशी केली ते सांगतो. ही परीक्षा पुन्हा देण्यापूर्वी निदान ४५ दिवस थांबावे लागते. ते दिवस तिने पुन्हा तीच पुस्तके पहिल्या पानापासून पाठ करण्यात घालविले नाहीत. तिने एक चुकांची वही केली. रोज थोडेच प्रश्न सोडवावयाचे, आणि जे चुकेल त्याखाली तीन ओळी लिहावयाच्या: मी काय निवडले, का निवडले, आणि काय पाहावयाचे राहून गेले. दिवसपाळी असली की ती संध्याकाळी येई. रात्रपाळी असली की दुपारी झोप काढून येई. रुग्णशास्त्र आमचा विषय नव्हे; आम्ही केवळ लांबलचक इंग्रजी वाक्यांची फोड करून देत असू व ती उत्तर का निवडते ते ऐकत असू. परंतु त्या वहीतून आम्हांसही पुष्कळ शिकावयास मिळाले.

तिच्या वहीतील एका प्रश्नाचा आशय असा. तुमच्याकडे चार रुग्ण आहेत. पहिला शस्त्रक्रियेनंतर दुसऱ्या दिवशी वेदनेने विव्हळत औषध मागत आहे. दुसऱ्याच्या रक्तातील साखर जेवणापूर्वी थोडी वाढलेली आहे. तिसरा घरी जाण्यास उशीर झाला म्हणून रागावला आहे. चौथा दम्याचा रुग्ण. सकाळी त्याच्या छातीतून मोठी घरघर ऐकू येत होती, आता ती थांबली आहे आणि तो गप्प बसून आहे. आधी कोणाकडे जाल? आमच्या विद्यार्थिनीने लिहिले, पहिल्याकडे. तिच्या स्वभावास ते साजेसेच होते. ओरडणाऱ्याकडे कोणाचे पाय वळणार नाहीत? परंतु उत्तर होते चौथा. दम्याच्या रुग्णाची घरघर उपचारावाचून थांबली आणि तो थकून गप्प झाला, तर त्याला बरे वाटले असे समजावयाचे नसते. श्वासनलिका इतक्या आवळल्या असतात की आवाज होण्यापुरती हवाही आत जात नाही. काही मिनिटांत तो दगावू शकतो. विव्हळणारा मनुष्य निदान श्वास घेत असतो. या प्रश्नाखाली तिने लिहिले होते: "आवाज ऐकला. शांतता ऐकली नाही."

दुसरे उदाहरण आमच्या विद्यार्थ्यांसाठी देतो, कारण त्रैराशिक आयुष्यात कोठे उपयोगी पडते असे ते आम्हांस वरचेवर विचारतात. एक लिटर सलाइन आठ तासांत द्यावयाचे आहे. नळी अशी आहे की तिच्यातून वीस थेंब पडले म्हणजे एक मिलिलिटर होते. तर मिनिटास किती थेंब पाडावे? हजार मिलिलिटरांचे वीस हजार थेंब. आठ तासांची ४८० मिनिटे. भागाकार केला म्हणजे एक्केचाळीस व काही अंश, म्हणजे सुमारे ४२ थेंब. आम्ही हे उदाहरण वर्गात घातले तेव्हा एका चिरंजीवांनी तासांची मिनिटे न करता आठानेच भागले व मिनिटास अडीच हजार थेंब असे उत्तर काढले! वर्ग हसला. आमची माजी विद्यार्थिनी त्या दिवशी पाहुणी म्हणून बसली होती. ती मात्र हसली नाही. ती म्हणाली, "उत्तर आले की आधी खाटेवर मनुष्य आहे असे समजावे आणि मग ते उत्तर पुन्हा वाचावे." गणिताच्या पुस्तकात पडताळा घेण्याची रीत दिलेली असते, परंतु इतका चांगला पडताळा आम्ही दुसरीकडे पाहिला नाही.

जे लोक पहिल्या अपयशाने थांबले नाहीत, अशांची उदाहरणे आपल्या महाराष्ट्रात थोडी नाहीत. धोंडो केशव कर्वे लहानपणी सहाव्या इयत्तेच्या परीक्षेसाठी कोकणातील मुरूडहून साताऱ्यास भर पावसात, घाट चढून, शंभर मैलांहून अधिक चालत गेले. परीक्षेस सतरा वर्षांचे वय लागे. कर्व्यांचे वय भरले होते. परंतु देह लहानखुरा, म्हणून परीक्षकांनी "तू तेवढ्या वयाचा दिसत नाहीस" असे सांगून त्यांना बसूच दिले नाही. एवढी पायपीट फुकट गेली. पुढे ते त्याच परीक्षेस पुन्हा बसले व उत्तीर्ण झाले. आणि १९५८ साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न हा किताब मिळाला. त्यांच्या पत्नी आनंदीबाई, ज्यांना बाया म्हणत, या पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकलेल्या. विधवेचा पुनर्विवाह म्हणून लोकांनी या दांपत्यावर बहिष्कार घातला होता. अशा स्थितीत, घरसंसार मागे ठेवून, बायांनी नागपुरास जाऊन सुइणीचे शिक्षण घेतले. त्या काळी प्रतिष्ठित घरातील बाईने हे काम शिकणे म्हणजे केवढे धाडस होते, याची आज कल्पनाही येणे कठीण आहे.

पवित्र शास्त्रात याहून जवळचे उदाहरण आहे, आणि ते आमच्या मते विद्यार्थ्यांपेक्षा पालकांसाठी अधिक आहे. योहान ज्याला मार्क म्हणत, तो तरुण पौल व बर्णबा यांच्याबरोबर पहिल्या प्रवासास निघाला आणि पंफुल्यातून मध्येच परत फिरला. दुसऱ्या प्रवासाच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला पुन्हा नेऊ. पौल म्हणाला, जो अर्ध्या वाटेवरून परतला त्याला नेणे नको. वाद इतका वाढला की ते दोघे एकमेकांपासून वेगळे झाले, आणि बर्णबाने मार्कास घेऊन कुप्राची वाट धरली. पुढे कित्येक वर्षांनी तोच पौल तीमथ्याला लिहितो, की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. दुसऱ्या शुभवर्तमानास आपण ज्याचे नाव देतो तो हाच मार्क, अशी मंडळीची जुनी परंपरा आहे. पौल थोर होता यात शंका नाही. परंतु त्या दिवशी बर्णबा नसता तर मार्क कोठे गेला असता? अपयशी मुलास उपदेश करणारे पौल प्रत्येक गल्लीत भेटतात. त्याला सोबत घेऊन पुन्हा जहाजावर चढणारा बर्णबा घरात एक तरी असावा.

त्या मुलीच्या घरी बर्णबाचे काम तिच्या आईने केले. त्या माउलीस परीक्षेतले काही कळत नाही. तिने मुलीची समजूत घातली नाही, की तिला धीराचे चार शब्दही सांगितले नाहीत. रात्री शिवणयंत्र घेऊन ती मुलीच्या टेबलापाशी बसू लागली. "मला तरी कुठे झोप येते," एवढेच म्हणे, आणि मुलगी वाचीत असे तोवर ब्लाउजांना काज-बटणे करीत बसे. पुढे पुढे मुलगी वहीतील प्रश्न मराठीत करून आईला विचारू लागली. दम्याच्या रुग्णाचा प्रश्न आईने पहिल्याच खेपेस बरोबर सोडविला. "का गं?" असे मुलीने विचारता ती म्हणाली, "तू नापास झालीस तेव्हा पंधरा दिवस गप्प होतीस ना? तेव्हाच मला भीती वाटली."

हा अंक छापखान्यात जाईपर्यंत ती पुन्हा मुंबईस जाऊन परीक्षा देऊन आलेली असेल. निकाल काय लागेल हे आम्हांस ठाऊक नाही व त्यावर हा लेख अवलंबूनही नाही. ती पूर्वीपेक्षा अधिक सावध परिचारिका झाली आहे, हे तिच्या वहीवरून आम्ही सांगू शकतो. आणि तिच्या रात्रपाळीत ज्यांच्या खाटा येतात त्यांना त्याचा लाभ आजच मिळत आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणास यंदा अपयश आले असेल तर पत्रक उघडून पाहा. ते कोणा शहाण्या मनुष्याजवळ बसून पाहा. आणि चुकलेल्या प्रश्नाखाली तीन ओळी लिहा. पालकहो, आपणांस एवढीच विनंती, की निकालाच्या दिवशी जो मुलगा रडतो, भांडतो, जेवणाचे ताट सरकवितो, त्याच्याकडे अवश्य पाहावे. परंतु जो शांतपणे "ठीक आहे" म्हणून आपल्या कोपऱ्यात जाऊन बसतो, त्याच्याकडे आधी जावे.